पायाळूचा पाय

"पालथी निज गो," भाटकान्नबाय, आमची मालकीण, म्हणाली. मी पालथी झाले.

मे महिन्याचं अंगण. सकाळी साडेदहालाच पाय ठेववत नव्हता. माझ्याखाली गोणपाट होतं, बाजूला कोकमाची सोलं वाळत पडलेली. त्यांचा आंबट वास थेट नाकात. तिचा मुलगा माझ्या कमरेपाशी येऊन उभा राहिला. मला त्याचे फक्त बूट दिसले. पांढरे, जाड तळव्याचे.

"आई, बूट काढूं?" त्याने विचारलं.

"नाका रे बाबू. आंगण तापला हा. भाजतलो."

बूट तसेच राहिले. त्याने एक पाय उचलला आणि माझ्या बरगडीवर टेकवला. एकदा, दोनदा, तीनदा. पणजीहून त्याच्याबरोबर आलेले तिघे मित्रमैत्रिणी पायरीवर बसून बघत होते. एकीने मोबाईल धरला होता. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. तिसऱ्यांदा त्याने जरा जोर दिला. आत कळ गेली ती थेट खांद्यापर्यंत.

"गेली काय?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "गेली."

गेली नव्हती.

हे का झालं ते सांगते. आमच्याकडे, हळर्णच्या बाजूला काय किंवा पलीकडे सिंधुदुर्गात काय, पाठीत-बरगडीत चमक भरली की तिला उसण म्हणतात. आणि जो माणूस आईच्या पोटातून पायांनी बाहेर आला तो पायाळू. पायाळूने पाय लावला की उसण जाते, असं सगळे मानतात. शिकलेलेही मानतात, फक्त हसत हसत मानतात. भाटकारांचा मुलगा पायाळू. भाटकार म्हणजे जमिनीचे मालक. आम्ही त्यांचे मुंडकार, म्हणजे आमचं घर त्यांच्या जमिनीत. घराच्या भिंती आम्ही उभ्या केल्या, खालची माती त्यांची. माझी सासू त्यांच्याकडे राबली, तिच्यानंतर मी. माझी आईसुद्धा लग्नाआधी त्याच अंगणात झाडू मारत होती. आमच्यासाठी मागचं दार आणि मागचं जनेल, म्हणजे खिडकी. त्या जनेलात माझा चहाचा कोप पालथा ठेवलेला असतो. तो मीच धुते, मीच ठेवते, दुसरं कोणी त्याला हात लावत नाही.

दुखणं शिमग्याच्या आधीपासून होतं. उजव्या बरगडीच्या खाली. तीक्ष्ण नाही, सुरी-बिरी लावल्यासारखं नाही. आत कोणी कापडाची वळकटी करून कोंबून ठेवावी तसं. वाकलं की दाबायचं, जेवलं की फुगायचं. दीर्घ श्वास घेतला की अडायचा. मी काय नाही केलं. ओवा चावला, हिंगाचं पाणी प्याले. परकराची नाडी सैल केली. रात्री डाव्या कुशीवर निजायला शिकले. पूर्ण उंडा पाव खायची ती अर्धा खाऊ लागले आणि उरलेला अर्धा नवऱ्याच्या बशीत सरकवू लागले. काम करताना डावा हात कामात आणि उजवी मूठ बरगडीखाली, अशी सवयच लागली. मीठ-मिरच्या ओवाळून दृष्टही काढून झाली. दुखणं तिथेच.

आणि भिरंडांचे, कोकमाच्या फळांचे, दिवस आले. भिरंडं फोडायची म्हणजे दिवसभर आडोळीच्या पात्यावर वाकून बसायचं. फळ फोडायचं, बी काढायचं, साल उन्हात घालायची. मग रोज ती सालं त्यांच्याच रसात बुडवायची आणि परत वाळवायची. सात वेळा. मध्ये एक दिवस चुकला की बुरशी. हात कोपरापर्यंत लाल होतात ते पावसाळा येईपर्यंत तसेच. वाकले की वळकटी वर चढायची आणि डोळ्यांपुढे काळोख यायचा. तालुक्याच्या दवाखान्यात मी एकदा जाऊन आले होते. तिथल्या डॉक्टरणीने पोट दाबून बघितलं आणि सोनोग्राफीला लिहून दिलं. पुढचा सोमवार मिळाला होता. मी सुटी मागायला गेले.

"माका सोमारा सुटी व्हयी, बाय."

"सोलां कोण बुडयतलो? काय झाला काय तुका?"

इथे मी चूक केली. माझ्या तोंडात जो शब्द होता तोच मी दिला. दुखतंय ते काय आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही असं सांगायची लाज वाटली. म्हटलं, "उसण भरली आसतली."

बाईचा चेहरा उजळला. "मगे सोनोग्राफी कित्याक? आमचो बाबू पायाळू न्हय? आयतारी येतलो. तीन आयतार पाय लावन घे. डॉक्टर नि फिक्टर काय नाका."

माझ्याच शब्दाने मला बांधलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो ट्रकवर असतो. खाणी चालल्या तर काम, नाही तर घरात बसून. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "लावन घे गो. तुजा काय झिजता? घर त्यांच्या जाग्यात आसा आमचा." त्याचंही काय चुकलं? तो घाबरला होता. मीही घाबरले होते. सोमवार गेला. सोलं वेळेत बुडाली, माझी तारीख मात्र गेली.

पहिल्या आयतवारी अंगणात फक्त बाई आणि तिचा मुलगा. पटकन झालं. "सॉरी हां मावशी," असंही तो म्हणाला. तो वाईट मुलगा नाही, हे मी आजही म्हणते. पण पाय त्याचाच होता. दुसऱ्या आयतवारी ते मित्र आले, बूट आले, मोबाईल आला. ते वर सांगितलंच.

आता माझ्या आईचं सांगते. माझी आई पायाळू होती.

वाड्यातली, म्हणजे आमच्या वस्तीतली, माणसं तिच्याकडे यायची. उसण भरली, मान धरली, पाठ लचकली की सकाळीच दारात. आई आधी पाय धुवायची. माणसाला पालथं नाही करायची, बसवायची. पाठीला अंगठा आणि टाच हलकेच लावायची, आपण तान्ह्या पोराला बोट लावतो तशी. आणि झालं की लगेच वाकून त्या माणसाच्या खांद्याला हात लावून स्वतःच्या कपाळाला न्यायची. समोर लहान पोर असलं तरी. मी एकदा विचारलं होतं, नमस्कार कशाला. ती म्हणाली, "माणसाक पाय लागलो मा? माफी मागूक व्हयी."

एकदा भाटकारांकडून बोलावणं आलं. आताच्या बाईचे सासरे, म्हातारे भाटकार, उसणीने अंथरुणाला खिळले होते. घरात तेव्हा पायाळू कोणी नव्हतं. आई पाय धुऊन गेली, मी तिच्या मागोमाग. मी सात-आठ वर्षांची असेन. आम्हाला मागच्या दारातच थांबवलं. आतून म्हाताऱ्यांची चालायची काठी बाहेर आणली आणि जमिनीवर ठेवली. आईला सांगितलं, हिला पाय लाव. आईने काठीला पाय लावला. मग काठीवर तुळशीचं पाणी शिंपडलं, ती आत नेली आणि म्हाताऱ्यांच्या पाठीवरून फिरवली. तीन दिवसांनी म्हातारे उठून बसले. गावभर झालं, भाटकारांच्या काठीला केवढा गुण.

आई काठीसमोर वाकली होती. माफी मागायला. सवयीने. ते मी विसरले नव्हते, पण कधी मनात उलटंपालटं करून बघितलंही नव्हतं. एवढी वर्षं ती नुसती एक गंमत होती आमच्या घरात.

माझी मुलगी साखळी गावात माझ्या बहिणीकडे राहून कॉलेज करते. शनिवारी घरी येते. दुसऱ्या आयतवारानंतरच्या शनिवारी आली. पिशवी टाकली, हातपाय धुतले, चुलीपाशी माझ्यासमोर बसली आणि मोबाईल पुढे धरला. कॉलेजातल्या कोणीतरी तिला व्हिडिओ पाठवला होता. पाठवणाऱ्याला ठाऊकही नव्हतं की ही हिची आई.

मी बघितलं. अंगण, गोणपाट, एक बाई पालथी. लाल हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना. बूट वर जातो, खाली येतो. हसण्याचे आवाज. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं आणि हसणारे चेहरे. मग ती बाई उठते, पदर सावरते आणि मोबाईलकडे बघते.

"आई," मुलगी म्हणाली, "तू हसतस."

खरंच हसत होते. बुटाची धूळ पोलक्यावर, आत कळ तशीच आणि तोंडभर हसू. त्यांना अवघड वाटू नये म्हणून मी हसत होते. माझ्या दुखण्याने त्यांचा आयतवार खराब होऊ नये म्हणून. मी मोबाईल खाली ठेवला. मला राग त्या मुलाचा नाही आला, बाईचा नाही आला. त्या हसण्याचा आला. असा आला की मला भाकरी थापता येईना.

का हसलीस, हे मुलीने विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं. भाकऱ्या तिनेच थापल्या, वाकड्यातिकड्या, आणि आम्ही तिघं जेवलो.

दुसऱ्या दिवशी तिसरा आयतवार. मी कामाला गेले. सोलं सहाव्यांदा रसात बुडवली आणि उन्हात घातली. दहाच्या सुमाराला बाई बाहेर आली. मुलगा मागे, मोबाईलवर काही बघत. बाईने स्वतःच गोणपाट अंथरलं.

"ये गो. शेवटचो आयतार."

मी उभी राहिले. "पाय नाका," मी म्हटलं.

"काय?"

"पाय नाका, बाय. उद्या माका सुटी व्हयी. डॉक्टराकडे जातलंय."

"आमचो पाय लागलो तर तू झिजतलंस?" बाई म्हणाली. "तुज्या आवशीन ह्या घरात कधी तोंड वर केल्यान नाय."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. ठरवलेलं नव्हतं. "माज्या आवशीचो पाय तुमी काठयेक लावन घेतलास. आंगाक लावूक तुमका इटाळ झालो. आणि माज्या आंगार बूट चलता?"

मुलाने मान वर केली. त्याला काठीची गोष्ट ठाऊक नसावी. त्याने आईकडे बघितलं, आई सोलांकडे बघू लागली. मला वाटलं होतं, एवढं बोलले की आतली वळकटी सुटेल, मोकळा श्वास येईल. तसं काही झालं नाही. उलट बरगडीखाली जास्तच आवळलं आणि मी मूठ दाबून उभी राहिले.

"सुटी व्हयी ना?" बाई शेवटी म्हणाली. "मगे येवच नको."

मी मागच्या जनेलातून माझा कोप घेतला आणि घरी आले. सोलांचं सातवं बुडवणं राहिलं. त्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं चांगलं काही नाही. त्यांच्या परसातून आमची वाट होती, तिथे आता फाटक लागलं. आम्ही व्हाळाच्या, ओढ्याच्या, कडेने फिरून जातो. पावसात तिथे गुडघाभर चिखल. नवरा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. आता बोलतो, पण झोपेतून दचकून उठतो आणि घराच्या भिंतीला हात लावून बघतो. मुलगी तलाठ्याकडे कागदांची चौकशी करते आहे. घर आमच्या नावावर होऊ शकतं म्हणते. होईल तेव्हा होईल.

सोनोग्राफी झाली. तिथल्या बाईने माझे लाल हात बघून विचारलं, हे रक्त आहे का. म्हटलं, भिरंडं. पोटात काही सापडलं नाही. रक्त तपासलं, काही नाही. तोंडातून नळी घालून पोट आतून बघितलं, थोडी सूज, औषध दिलं, सूज गेली. दुखणं नाही गेलं. मोठ्या डॉक्टरने सगळे कागद दोनदा चाळले. "कधीपासून दुखतं? कशाने वाढतं?" त्याने विचारलं. मी सांगायला गेले आणि मला रडू आलं. इतके महिने हे मला कोणी विचारलंच नव्हतं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की नेमकं काय ते अजून कळत नाही, परत या. मी परत जाते. दोन बस बदलून, बरगडीखाली मूठ धरून. वाड्यातल्या बायका म्हणतात, मोठ्या घराची हाय लागली. काही म्हणतात, पाय लावून घेतला असता तर एव्हाना बरी झाली असतीस. त्यांच्याशी भांडायची ताकद रोज नसते.

आताही दुखतं आहे, हे सांगतानाही. ते काय आहे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हे मी आता तोंडाने म्हणते. उसण म्हणत नाही. कोणी विचारलं तर म्हणते, दुखतं, आणि काय ते अजून कळलं नाही. कोणी गॅस म्हटलं तर म्हणते, नाही. कोणाच्या सोयीचं नाव मी माझ्या दुखण्याला लावणार नाही.

मागच्या खेपेला एक्स-रेच्या खोलीत तिथला माणूस म्हणाला, "पालथ्या व्हा." माझं अंग ताठ झालं. मी टेबलावर बसूनच राहिले.

"कित्याक?" मी विचारलं.

तो वैतागला. बाहेर रांग होती. पण मी हलले नाही. मग त्याने सांगितलं, पाठीकडून फोटो हवा, दोन मिनिटं लागतील. तेव्हा मी पालथी झाले. फोटोतही काही आलं नाही. पुढची तारीख घेतली आहे. दुखणं राहो की जावो, इथून पुढे मला पालथी करायची असेल तर आधी का ते सांगावं लागेल. आणि मी हसणार नाही.