गॅसच्या बटणाचे फोटो

रोज सकाळी अकराच्या सुमारास माझ्या फोनमध्ये आईच्या गॅसच्या बटणाचा फोटो यायचा. ती तो पाठवत नव्हती. तो आपोआप यायचा, आणि येतो हे तिला माहीत नव्हतं. जवळजवळ तीन वर्षं मी तिला हे सांगितलं नाही.

आई पूर्व दिल्लीत एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. बाबांची केंद्र सरकारची नोकरी, त्यामुळे माझं लहानपण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. हा फ्लॅट त्यांनी रिटायर होताना घेतला आणि त्यात फार राहिले नाहीत. आईने सगळी नोकरी पहाडगंजच्या शाळेत मराठी शिकवण्यात काढली. मी नोएडात राहते. मीही एकटीच; त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती इथे नकोत. आमच्या दोन घरांमध्ये मेट्रोची पंचवीस मिनिटं आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कुणाला वाटेल की मी दूर कुठेतरी होते.

बाबा गेल्यावर आईला गॅसचा संशय लागला. कुलूप लावून जिना उतरायची, अर्ध्यात थांबायची, परत वर जायची. भाजी आणायला निघालेली बाई तीनदा परत. मीच तिला म्हणाले, "निघताना बटणाचा फोटो काढत जा. जिन्यात शंका आली की फोनमध्ये बघ."

"म्हणजे माझ्या डोळ्यांवर विश्वास नाही, फोनवर ठेवू?"

"ठेवून तर बघ."

तिने ठेवला. त्याच सुमाराला तिला नवा फोन घेतला. फोन सुरू करताना अकाउंट मागत होता. आईचं अकाउंट नव्हतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, अपना ही डाल दीजिए, आंटीजी को क्या करना है." मी माझं टाकलं. पुढे येत गेलेल्या प्रत्येक पानावर 'मान्य आहे' दाबत गेले. आई शेजारी उभी राहून कव्हरं बघत होती. खरं तर ती पानं वाचायला माझ्याइतकं योग्य माणूस त्या दुकानात नव्हतं. माझं कामच ते. नोएडाच्या एका ऑफिसात मी ॲपचा मजकूर मराठीत आणते. 'तुमची गोपनीयता आमच्यासाठी महत्त्वाची आहे' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की आता ते वाचताना त्याचा अर्थ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोटो उघडले तर माझ्या फोटोंमध्ये आईची शेगडी. आईचा फोन जे काढेल ते माझ्या क्लाउडवर जमा होत होतं. तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं. "आई, तुझे फोटो मला दिसतात," एवढंच. मी हसले, आणि संध्याकाळी सांगू म्हणून ठेवून दिलं.

त्याआधी मी तिला रोज फोन करायचे. करायला काही फार नसायचं. जेवलीस का, काय केलंस, गुडघा काय म्हणतो. आता अकराला बटण दिसायचं. बटण बंद, म्हणजे आई उठली, चहा झाला, स्वयंपाक झाला, भाजीला निघाली. ठीक आहे. फोन एक दिवसाआड झाला. मग बुधवारी आणि रविवारी. मग फक्त रविवारी. मी कधी तसं ठरवलं नव्हतं. फोटो बघितला की फोन केल्यासारखं वाटायचं, इतकंच.

गेल्या हिवाळ्यात पायांचे फोटो सुरू झाले.

पहिला पाहिला तेव्हा कळेचना काय आहे ते. बाथरूमबाहेरची फरशी, तिच्यावर उजवं पाऊल, शेजारी शाळेतली लाकडी पट्टी. घोटा दिसत नव्हता, इतका सुजलेला. दुसऱ्या दिवशी तीच फरशी, तीच पट्टी. कालच्यापेक्षा वाढलंय का हे ती मोजून बघत होती. कुणाला सांगत नव्हती, मोजत होती.

मी रविवारची वाट पाहिली. मधल्या दिवशी फोन केला असता तर तिने विचारलं असतं, आज कशी काय आठवण? रविवारी मी आडून म्हणाले, "थंडी फार पडलीय गं. पाय वगैरे कसे आहेत?"

"पाय जागेवर आहेत."

"नाही, म्हणजे सूज वगैरे?"

"मला कशाला सूज येईल? तुझ्या ऑफिसचं सांग."

मी ऑफिसचं सांगितलं. खोटं बोलतेस, असं तिला म्हणायचं तर मला कसं कळलं ते सांगावं लागलं असतं. पुढच्या रविवारीही तसंच झालं. मधे रोज एक फरशी, एक पाऊल, एक पट्टी.

मग फोटो यायचे थांबले. त्याच दिवशी स्क्रीनवर सूचना आली होती: तुमचं स्टोरेज भरलं आहे. ऑफिसच्या फायलींनी भरलं होतं. मला वाटलं, म्हणून येत नाहीयेत. सुट्टीच्या दिवशी जागा रिकामी करू. तो गुरुवार होता. शुक्रवार गेला, शनिवार गेला. खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत मला जरा हलकंच वाटलं. पाय बघावे लागत नव्हते.

रविवारी फोन केला तर वरच्या मजल्यावरच्या शेजारीण आंटींनी उचलला; आईने तो त्यांच्याकडे ठेवला होता. "बेटा, मम्मी तो गुरुवार से हॉस्पिटल में हैं. साँस फूल रही थी. मैंने कहा बेटी को फोन लगाती हूँ, तो बोलीं, उसको दफ्तर है, संडे को उसका फोन आता ही है."

मेट्रोत मी उभीच होते. बसायला जागा होती.

आई पलंगावर टेकून बसली होती, नाकाला ऑक्सिजन. मला बघून म्हणाली, "आलीस? आज रविवार ना." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

राउंडला आलेल्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. "सूजन कब से है?"

"यही चार-पाँच दिन," आई म्हणाली.

"नहीं," मी म्हणाले, "तीन हफ्ते से."

तोंडातून निघून गेलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं, हृदय थकलंय, अंगात पाणी साठलंय, आधी आणायला हवं होतं असं म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले. आई माझ्याकडे बघत होती. वर्गात वही न आणलेल्या मुलीकडे बघावं तशी.

"तुला काय माहीत?"

मी सांगितलं. दुकान, अकाउंट, 'मान्य आहे', क्लाउड.

"कुठे?"

"क्लाउडवर. म्हणजे त्यांच्या मशीनवर साठतं सगळं."

"माझे सुजलेले पाय ढगात," आई म्हणाली. "वा." मग म्हणाली, "म्हणजे तुला दिसत होतं."

"हो."

"रोज?"

"हो. आई, मी लक्ष देत होते गं."

"देत नव्हतीस. ठेवत होतीस." धाप लागली म्हणून ती थांबली. "क्रियापद नीट वापर."

आठ दिवसांनी घरी आणलं. माझ्याकडे चल म्हटलं तर नाही म्हणाली. तिचं घर आहे. दोन्ही वेळा बाई येते, गोळ्या चालू आहेत. पहिल्याच संध्याकाळी तिने फोन माझ्यापुढे धरला. "मला माझं खातं काढून दे." मी काढून दिलं. पासवर्ड टाकताना तिने मला भिंतीकडे तोंड करायला लावलं. मी केलं. मग माझ्याकडचे तिचे फोटो तिच्यासमोर उघडले. सगळे काढून टाकू का, विचारलं.

"पायांचे काढ," ती म्हणाली. "गॅसचे राहू देत. त्यात माझं काही नाही."

आता मला आईकडचं काहीच दिसत नाही. अकरा वाजले की हात फोनकडे जातो, आणि तिथे माझेच फोटो असतात: ऑफिसच्या फायली, बिलं, कुणाच्या तरी फेअरवेलचा केक. मग मी तिला फोन करते. रोज. पहिल्या दिवशी बोलायला शब्द जुळवून ठेवले होते. माफी मागायची होती. तिने उचलला, माझं हॅलोही ऐकून घेतलं नाही.

"बंद आहे," म्हणाली, आणि फोन ठेवला.

अजून तेवढंच बोलते.