पडद्याचे खिळे

परवा नातवाच्या गाडीत ओल्या गोणपाटाचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं. निजामाच्या राज्यात माझ्या सासऱ्यांच्या, मामंजींच्या मोटारीला हाच कुबट वास यायचा.

हैदराबादहून जुनी आणलेली, कापडी छताची मोटार होती ती. ड्रायव्हरनं आम्हा बायकांना बघू नये म्हणून मामंजींनी मधे जाड पडदा लावला होता, छताच्या लाकडी पट्ट्यांना आतून खिळे ठोकून. पावसात लिंबागणेशाच्या दर्शनाला निघालो की मागं आमची लुगडी भिजायची. पुढं ड्रायव्हरशेजारी मामंजी कोरडे. म्हणायचे, "बायाच तांब्या सांडत्यात. मोटारीला काई झालं न्हाई."

एकदा ते घोड्यावरून पाटोद्याला गेलेले बघून मी छताला आतून चुन्याची भुकटी चोळली आणि जावेला वरून घागर ओतायला लावली. प्रत्येक खिळ्यापासून ओघळ सुटला. टोकं छताच्या कापडातून आरपार गेली होती.

संध्याकाळी मी म्हटलं, "मामंजी, पाणी खिळ्यांतून येतंय. पडदा काढावा लागंल."

"पडदा निघणार न्हाई. लई शहाणी झालीस."

त्यांनी जुनी भोकं राळेनं बुजवली आणि पडदा वीतभर पुढं, नव्या खिळ्यांनी ठोकला. पुढच्या पावसात फटीतून बघते, तर धार थेट त्यांच्या मानेवर लागलेली.

पडद्याआड मी तोंडात पदर कोंबून हसू दाबलं. आता त्या पदराचाच राग येतो. मोठ्यानं हसायचं होतं, त्यांना ऐकू जाईल असं.