गोमाश्या आणि बाबांची पासोडी

सप्, सप्, सप्! शेपटीचा तो अस्वस्थ, अविरत ध्वनी आजही कानी पडला की माझे मन थेट एकोडीच्या आमच्या गोठ्यात जाऊन उभे राहते. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका भाद्रपदातली ही गोष्ट. धान पोटरीला आलेले, हवा ओलसर, आणि चरून परतणाऱ्या आमच्या चंद्री गाईच्या पाठीपोटावर गोमाश्यांची काळी, रक्तपिपासू झुंबड! त्या दंशांनी बिचारी इतकी कातावलेली असे की वासराने आचळाला तोंड लावताच लाथ झाडी. आठ दिवसांचे ते वासरू डोळ्यांदेखत खंगत चालले होते. कडुनिंबाचा धूर करून पाहिला. धूर विरला की माश्या पुन्हा हजर.

आणि एका दुपारी मला सुचले! विणकर बाबांनी मागावर विणलेली, पांघरायची जाड पासोडी मी माहेरच्या पेटीतून काढली, करंजाच्या तेलात भिजवली आणि गोठ्याच्या दारात पडद्यासारखी टांगली. आत शिरताना गाईचे अंग आपोआप पुसले जाईल, माश्या झडतील, कडू वासाने परत फिरकणार नाहीत. केवढी हुरळून गेले होते मी! संध्याकाळी चंद्री आली, थबकली, फुरफुरली आणि मागे वळली. चुचकारले, ढकलले, सारे व्यर्थ! आत वासरू क्षीण स्वरात हंबरत होते.

गावची जनावरे चारणारे सोमाभाऊ काठी टेकून हसले. "ढोराले पलीकडचं दिसूनच नाई राहिलं, वहिनी. कायले पाय टाकीन थे? फाडा त्या पासोडीले, पट्ट्या करा!"

फाडा? विणकराच्या लेकीला हे सांगावे? सबंध वस्त्र फाडायला आमच्या घरात कुणी धजत नसे, आणि बाबा तर आता नव्हते. मला रडूच आले. पण वासरू पुन्हा हंबरले, आणि मी टांगलेल्या पासोडीच्या खालच्या काठाला दात लावले. तोंडभर कडू तेल! टर्रकन एक पट्टी सुटली, मग दुसरी, तिसरी. शेवटी तर मी रडत, हसत, अगदी आवेशाने फाडत सुटले. पेटीत घडी घालून जपलेली ती पासोडी इतकी वर्षे कुणाच्या अंगाला तरी लागली होती का?

फटींतून वासरू दिसले मात्र, चंद्री सरळ आत! पट्ट्या तिच्या पाठीवरून, पोटावरून सरसरत गेल्या, आणि गोमाश्या भुणभुणत दाराबाहेरच राहिल्या. वासरू भीतभीत कासेला लागले. चंद्रीने लाथ झाडली नाही. सपसप थांबली होती, आणि गोठ्यात आता एकच शेपटी हलत होती, पोटभर दूध पिणाऱ्या त्या वासराची.