उन्हाळ्यात पाहिलेली जमीन

नागाबाई रोज उठली की चूल पेटवायच्या आधी अंगणातल्या निळ्या ड्रमवर बोटांच्या पेरांनी ठोकायची. वरून खाली, हळूहळू. जिथे आवाज बदलेल तिथवर पाणी. मग दिवस ठरायचा. अंघोळ कुणी करायची, कुणी नुसते हातपाय धुवायचे, भांडी विसळायची की राखेने घासून पुसून ठेवायची.

सुदामला त्या आवाजानेच जाग यायची. अंथरुणातूनच तो विचारायचा, "काय म्हणतोय ड्रम?"

"तुमचं तोंड तेवढं धुवा म्हणतोय. बाकी बघू."

लातूरजवळच्या मुरुडपासून दोन कोसांवरच्या गावात चाळीस वर्षं असेच उजाडले. शेतात तीन बोअर झाले, तिन्ही कोरडे गेले. पुढे रस्ता रुंद करायचे निघाले आणि त्यात घर आणि शेताचा मोठा तुकडा गेला. मोबदला आला तेव्हा गावातल्या बहुतेकांनी लातुरात प्लॉट घेतले, कुणी गाडी घेतली. नागाबाई म्हणाली, "आपल्याला शेतच पायजे. जिथं पाणी तिथं जाऊ. पण बघायला मी येणार."

"बायामाणसं कुठं जमीन बघत्यात?" सुदाम हसला.

"माझ्या बापानं तुमचे बैल बघितले, घर बघितलं. विहीर न्हाई बघितली. भोगलं कुणी?"

मग सुदामने दोन तिकिटे काढली.

तिचा नेम पक्का होता. दिवाळीनंतर जमीन बघायची नाही. तेव्हा कुणाचीही विहीर भरलेली असते आणि विकणारा काठावर उभा राहून मिशीला पीळ देतो. बघायची ती वैशाखात. आणि पाण्याचे विचारायचे ते पुरुषांना नाही, विहिरीवरच्या बायांना. सोबत एका फडक्यात तुरीची डाळ आणि एक लहान पातेले. जिथे जमीन बघतील तिथलेच पाणी घेऊन तीन दगडांवर डाळ शिजत घालायची. क्षाराच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे तिला टँकरने येणाऱ्या मुरुडच्या बोअरच्या पाण्याने शिकवले होते.

निलंग्याकडे तासभर जाळ घालूनही दाणे टणकच राहिले. नायगावला डाळ अर्धी शिजली. नायगाव सुदामच्या मनात भरले होते. काळी जमीन, शेताला लागून डांबरी रस्ता, हाकेच्या अंतरावर दवाखाना, आणि गावात त्याची चुलत बहीण. पण नळावरच्या बायांनी नागाबाईला बाजूला घेऊन सांगितले, "कालव्याचं पाणी त्याच्या मर्जीनं येतंय, माय."

शेवटी किनवट. तिथून पुढे सागाच्या जंगलातून बारा किलोमीटर, मग एक ओढा आणि ओढ्यापलीकडे तीस-पस्तीस घरांची वाडी. नरसिंग नावाचा शेतकरी मुलांकडे किनवटला राहायला निघाला होता. त्याचे तीन एकर, एक विहीर. वैशाख संपत आलेला आणि विहिरीत पाणी असे, की दोर निम्माही सोडावा लागला नाही. बाया एकेक कळशी घेऊन येत होत्या, बसून बोलत होत्या. कुणालाच घाई नव्हती. डाळ तीन उकळ्यांत फुटली.

नागाबाई ओंजळभर पाणी प्यायली. मग दुसरी ओंजळ भरली आणि मानेवर ओतली. नुसतीच. पाणी पाठीवरून खाली मातीत गेले. चाळीस वर्षांत सुदामने तिला पाणी असे सांडताना पाहिले नव्हते. नायगावचा विषय त्याने तिथेच सोडला.

परतताना दोघे सिमेंटच्या नळकांड्यांचा बुटका पूल सोडून ओढ्यातूनच चालत आले. ओढा ठणठणीत कोरडा, गोल गोल दगडांचा. काठावर एक अर्जुनाचे झाड होते. त्याच्या फांदीला, डोक्याच्याही वर, वाळल्या गवताचा आणि काटक्यांचा गुंता लटकत होता. सुदामने काठीने तो दाखवला.

"केवढं घरटं बघ."

"मोठं पाखरू असंल," नागाबाई म्हणाली.

पाणी इतक्या उंचीवरून गवत नेते, हे त्या दोघांच्या स्वप्नातही आले नसते.

ज्येष्ठात ते राहायला गेले. शेजारी आदिनाथ राहायचा, वाडीतल्या एकमेव ट्रॅक्टरचा मालक. त्याने पहिल्याच आठवड्यात विचारले, "मामी, बेगमी केली का?"

"कशाची?"

"पीठ, मीठ, तेल, गोळ्या-औषधं. आषाढ-श्रावणाची."

नागाबाईला हसू आले. तिच्या गावी बेगमी पाण्याची करायची असते. "विहीर भरलेली हाय की रे, बाबा."

"हाव, त्याच्यामुळंच म्हणून राहिलो," आदिनाथ म्हणाला, पण तेवढ्यात त्याला कुणी हाक मारली आणि तो गेला.

आषाढात ओढा आला. दोन दिवस वाट बंद. सुदाम काठावर उभा राहून बघत होता. पाणी अर्जुनाच्या फांदीपर्यंत गेले, उतरले, आणि फांदीला नवे ओले गवत लटकलेले दिसले. घरी येऊन त्याने ते नागाबाईला सांगितले. ती पीठ मळत होती. हात क्षणभर थांबले.

"दोन दिसाचंच तर हाय," ती म्हणाली. मग पिठाच्या डब्यावर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिले.

तरी ते दिवस बरे होते. तिने दोडके लावले, भेंडी लावली, एक शेळी घेतली. रोज डोक्यावरून अंघोळ करायची आणि ओले केस पाठीवर सोडून बांधावर बसायची. नांदेडला दिलेली लेक शिवकन्या फोनवर म्हणायची, "माय, तुझा आवाजच बदलला की."

श्रावणात सलग चार दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली म्हणून नागाबाई बांधावर गवत कापायला गेली. घोणस गवतातच होती. पायाच्या घोट्यावर चावली. ती स्वतः चालत घरी आली, विळा जागेवर खोचला आणि म्हणाली, "अवो, जरा आदिनाथला बोलवा."

आदिनाथने ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत गोधडी घातली, तिला झोपवले. ओढ्यावर आले तेव्हा नळकांड्यांचा पूल दिसतच नव्हता. गढूळ पाणी दोन्ही काठांना लागून वाहत होते. पलीकडच्या काठावर फोन करून बोलावलेली दवाखान्याची गाडी येऊन उभी होती. तिच्या दिव्याची उघडझाप इकडून दिसत होती. अंतर फार नव्हते. मधे ओढा होता.

दोनदा वाडीतल्या पोरांनी दोर घेऊन उतरून पाहिले. दोनदा पाण्याने त्यांना परत काठाला लावले.

दुपार झाली. पाय मांडीपर्यंत सुजला. हिरड्यांतून रक्त येऊ लागले. सुदाम तिचे डोके मांडीवर घेऊन ट्रॉलीत बसला होता. त्याच्या ओठांवर एक शब्द सारखा येत होता आणि सुदाम तो गिळत होता. नागाबाईने त्याच्याकडे बघितले.

"म्हणा की."

"काय?"

"नायगाव."

"गप. बोलू नको तू."

तिने त्याच्या शर्टाची बाही ओढली. मग काही बोलली आणि डोळे मिटले. दिवस मावळायला आला तेव्हा पाणी उतरले. ट्रॅक्टर पलीकडे गेला, गाडीतल्या माणसाने नाडी बघितली आणि हात खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी नरसिंग आला. बाजेवर टेकला. सुदामने त्याच्याकडे न बघता विचारले, "ओढ्याचं का सांगितलं न्हाई तुम्ही?"

नरसिंगने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं, दादा. वहिनी फकस्त पाणी किती टिकतंय ते विचारत होत्या. आमच्याकडं जमीन बघायला येणारा श्रावणात येतो. ओढ्याचं त्याला सांगावं लागत न्हाई. तुम्हाला ठावं असंल असंच मला वाटलं."

तो खोटे बोलत नव्हता. सुदामला ते कळले, आणि राग ठेवायला जागाच उरली नाही.

दहाव्यानंतर शिवकन्या त्याला नांदेडला घेऊन जायला निघाली. शेताचे काय करायचे ते पुढे बघू म्हणाली. पिशव्या भरता भरता, पाठ करूनच, तिने बापाला विचारले, "दादा, माय शेवटी काय बोलली?"

सुदामने नायगावचे सांगितले नाही. त्यानंतर ती जे बोलली ते सांगितले. त्याच्या शर्टाची बाही ओढून, नेहमीच्या आवाजात म्हणाली होती, "शेळीला सकाळपासून पाला टाकला न्हाई. कुणाला तरी सांगा."