पांगाऱ्याचा मासा

शेजारच्या विष्णूकाकांनी आयुष्यभर होड्या बांधल्या. अर्धांगवायूनं डावा हात लुळा पडल्यावर ते पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून वीतभर लांबीचे मासे कोरू लागले. असा मासा गळ अडकवून दोरीला बांधायचा, समुद्रात फेकायचा आणि ओढत आणायचा. मोठा मासा त्याला भक्ष्य समजतो आणि गळाला लागतो.

एका सकाळी मी गेले तेव्हा काका अंगणात बादलीपुढे बसले होते. बादलीत मुद्दाम समुद्राचं पाणी आणलं होतं.

"गोड्या पाण्यात वजनाचा अंदाज येत नाही गं," ते म्हणाले.

पाण्यात सोडलेला मासा कुशीवर कलंडत होता. मी तो धरला आणि काकांनी उजव्या हातानं त्याच्या पोटातल्या भोकात वितळलेलं शिसं ओतलं. ते निवल्यावर पुन्हा सोडला, तर तो थेट तळाला गेला. काकांनी न चिडता थोडं शिसं कोरून काढलं. चौथ्या खेपेला मासा पाठ वर ठेवून तरंगला. पाण्याला कुणाची भीड नसते, असं मला तेव्हा वाटलं.

संध्याकाळी त्यांची मुलगी शालन तो घेऊन खडकावर गरवायला गेली आणि रिकाम्या हातांनी परतली.

"बाबा, पहिल्याच फेकीला मोठ्या माशानं गिळला. दोरी तुटली. गेला आपला मासा."

चार दिवसांची मेहनत होती. पण काकांचा चेहरा उजळला.

"म्हणजे त्याला खरा वाटला!"