कडुनिंबाखालचे बूट

जेवण झाल्यावर मी पुढच्या खोलीत आडवा होतो. पंखा फिरत असतो, वर्तमानपत्र छातीवर पडतं आणि डोळा लागता लागता ती मुलगी येते. पाठमोरी. दोन्ही हातांत काहीतरी जड धरून उन्हात चाललेली. चेहरा आता नीट आठवत नाही, पण ती चाल आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. त्यातलं कुणी असं दुपारचं येत नाही. ही येते. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. नाव कुणाचंच लिहिणार नाही, गावाचंही नाही. नेवाशाच्या बाजूचं, प्रवरेच्या काठचं गाव, एवढं पुरे.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. चैत्र चालू होता. सकाळची हजेरी संपली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होता आणि शाळेतल्या बाईंचा फोन आला. बाई दबक्या आवाजात बोलत होत्या.

"साहेब, माझ्या वर्गात तिसरीत एक मुलगी आहे. दिवाळीपर्यंत नुसती बडबड करायची. आता एक शब्द बोलत नाही. आणि एवढ्या उन्हात स्वेटर घालून येते. काढ म्हटलं तर बाकाखाली जाऊन बसते. आज मी बाही वर केली. डागलेलं आहे हो तिला."

मी महिला कॉन्स्टेबलला बरोबर घेऊन निघालो. मुलीला वडील नव्हते. आई आणि ती, दोघी थोरल्या चुलत्यांच्या घरात राहत होत्या. या चुलत्यांना गाव तात्या म्हणायचं. मीही तात्याच म्हणायचो. गावात भांडण झालं की ते मिटवायला तात्या पुढे. बंदोबस्त असला की माणसं जमवायला तात्या. आमच्या ठाण्यात त्यांची खुर्ची ठरलेली होती म्हटलं तरी चालेल. त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती, घर मुलीची आईच बघायची.

आम्ही गेलो तर तात्यांनी स्वतः खाट टाकली, चहा सांगितला. मुलगी दाराआड उभी होती. आईने आतून म्हटलं, "सायबांच्या पाया पड गं." मुलगी आली आणि माझ्या बुटांवर डोकं टेकवून तशीच वाकून राहिली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा," म्हणालो. आणि वर तात्यांना म्हणालो, "संस्कार चांगले आहेत हो."

हे वाक्य आठवलं की मला अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

डागांचं विचारलं तेव्हा तात्या म्हणाले, "साहेब, पोरगी कुठंतरी चुलीपाशी पडली आसंल आसं आमाला वाटलं. पर आता तुमी म्हनता म्हनून सांगतो. आमचा सालगडी हाय ना, त्याच्यामागं लई फिरायची. मानूस बाहेरचा हाय. मनात काय आसंल, कुनी सांगावं?"

झालं. मी सालगड्याला उचललं. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा चाळिशीचा माणूस, हाडकुळा. दोन दिवस त्याला सकाळी बोलवायचो आणि संध्याकाळी सोडायचो. हात उचलला नाही, पण आवाज चढवायचा तेवढा चढवला. तो एकच सांगायचा, "मी पोरीला काय केलं न्हाई साहेब." मग कुणी केलं, असं विचारलं की पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसायचा. माझा संशय आणखी घट्ट झाला. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे आमच्या खात्यात पहिल्या दिवसापासून डोक्यात भरतात. तो कुणापासून लपवतो हे कुणी विचारत नाही.

डॉक्टरांनी तपासून लेखी दिलं की डाग एका वेळचे नाहीत, काही जुने, काही नवे. आम्ही मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर केलं. समितीने तिला तात्पुरतं श्रीरामपूरच्या एका संस्थेच्या बालगृहात ठेवलं आणि पुढची बैठक आठ दिवसांनी लावली. तात्यांनी लगेच अर्ज केला : मुलीला घरी द्या, मी सांभाळतो. समितीने आईला विचारलं. आई तात्यांच्या शेजारी उभी होती. ती "व्हय" म्हणाली. म्हणजे आठ दिवसांत मुलगी काही बोलली नाही, तर ती परत त्याच घरात जाणार होती.

त्या संस्थेत एक बाई होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाच्या, सुती साडीतल्या. मार खाल्लेल्या, भेदरलेल्या मुलांबरोबर बसणं हेच त्यांचं काम. त्यांना सगळे ताई म्हणत. मी पहिल्यांदा जबाबाचे कागद घेऊन गेलो तेव्हा ताईंनी मला फाटकातच अडवलं.

"काय विचारणार आहात तिला?"

"कुणी डागलं ते."

"आणि तिने नाही सांगितलं तर?"

"परत विचारणार."

"मग आजच घरी जा साहेब," त्या हसून म्हणाल्या. "ती माझ्याशी तीन दिवस शेंगा फोडत बसली आहे. अजून मी तिला नावसुद्धा विचारलेलं नाही."

मला राग आला. खरं सांगतो, मला वाटलं, ही बाई सरकारी वेळेत शेंगदाणे खाते आणि आम्ही इथे घाम गाळतो. पण तिथून पाय निघेना. आवारात मोठा कडुनिंब होता, मोहर गळत होता, त्याचा तो कडवट गोड वास. व्हरांड्यात ताई आणि मुलगी समोरासमोर बसल्या होत्या. शेंग फुटल्याचा बारीक आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग परत एक शेंग. मी फाटकाशी किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. ड्रायव्हरने हॉर्न दिला तेव्हा भानावर आलो.

सहाव्या दिवशी ताईंनी मला फोन केला. "घरातल्या सगळ्यांच्या जुन्या चपलांचा एकेक जोड हवाय. सालगड्याचासुद्धा. तिच्या आईला घेऊन या. आणि गणवेश नको हं साहेब, साधे कपडे."

मी म्हटलं, "चपला?"

"लहान मूल मोठ्यांना खालून बघतं. आणि या मुलीला तर येईल त्याच्या पायांवर डोकं ठेवायला शिकवलंय. माणसांचे चेहरे तिने फार कमी पाहिलेत. तिला पाय ओळखता येतात."

तात्यांनी चामड्याचा जुना जोड काढून दिला आणि मोठ्याने हसले. "साहेब, पोलिसांवर ही पाळी आली व्हय? चपला गोळा करायची?" मीही हसलो. मनातून ओशाळलोच होतो.

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही पोचलो. ऊन असं होतं की आवारातली माती पांढरी दिसत होती. मी शर्ट-पँट घातली होती. व्हरांड्याच्या पायरीशी पादत्राणं काढली आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे कोपऱ्यात जाऊन बसलो. बघायचं, बोलायचं नाही, ही अट होती. आई दाराआड उभी राहिली.

ताईंनी पिशवी उघडून चपला जमिनीवर ठेवल्या. "ही माणसं आहेत," एवढंच म्हणाल्या. "यांचं घर तू मांड. कोण कुठे बसेल ते तू ठरव. तुझं घर आहे."

मुलगी कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग तिने आपल्या छोट्या चपला मधोमध ठेवल्या. आईच्या त्याला चिकटून. सालगड्याच्या टायरच्या चपला उचलल्या, फ्रॉकने पुसल्या आणि दुसऱ्या बाजूला ठेवल्या. मी पुढे सरकलो. दोन दिवस मी ज्याच्यावर ओरडत होतो त्याच्या चपला ती फ्रॉकने पुसत होती.

राहिला तात्यांचा जोड. त्याला ती हात लावेना. मग एकदम उठली, तो दोन्ही हातांत धरला आणि पायऱ्या उतरून अनवाणी उन्हात चालू लागली. तापलेल्या मातीवर, न पळता, अगदी सावकाश, झोपेत चालल्यासारखी. कडुनिंबाखाली जाऊन तिने तो जोड पालथा टाकला. पायाने त्यावर माती लोटली. परत आली. मला वाटलं, संपलं. पण ती पायरीशी थांबली, वाकली आणि तिथला आणखी एक जोड उचलला.

माझे बूट होते ते. कपडे बदलले होते, पण सवयीने पायांत खात्याचेच तपकिरी बूट घालून आलो होतो. आम्ही सगळे तेच करतो. साध्या वेशात निघतो आणि लोक बूट बघून म्हणतात, पोलीस आला. ती ते जड बूट कसेबसे पेलत निंबापर्यंत गेली आणि तात्यांच्या जोडाशेजारी तसेच पालथे टाकले. वरून निंबाची फुलं पडत होती, ती त्या बुटांवर पडत राहिली. मग ती व्हरांड्यात आली, आतल्या खोलीत शिरली, आईला हाताला धरून आत ओढलं, ताईंना ओढलं, दार लावलं आणि टाचा उंचावून कडी घातली.

आतून आवाज आला. पाच महिन्यांतला तिचा पहिला आवाज. "आता खेळू."

मी बाहेर. अनवाणी. वही हातात घेऊन उभा राहिलो होतो, ती वही तशीच खिशात घातली. रडू आलं, ते आवरलं नाही.

थोड्या वेळाने ताई बाहेर आल्या आणि त्यांनी मला आधी हेच सांगितलं : "हा पुरावा नाही बरं का. चपला आहेत नुसत्या. तिला प्रश्न विचारायला धावू नका. आता मला तिच्या आईजवळ बसू द्या."

दोन तास त्या आईजवळ बसल्या. काही विचारलं नाही म्हणे. पुन्हा शेंगाच फोडल्या. ऊन उतरल्यावर आई स्वतः माझ्याकडे आली आणि म्हणाली, "साहेब, लिवून घ्या."

दिवाळीत पाहुणे जेवायला बसले होते. तात्या आईला मारतात, हे पोरीने पंगतीत सगळ्यांदेखत बोलून टाकलं होतं. पाहुणे गेल्यावर तात्यांनी उलथनं तापवलं. मग विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत तिला कोंडलं. परत तोंड उघडलंस तर आईला विहिरीत लोटीन, म्हणाले. त्या दिवसापासून पोरगी बोलायची थांबली. पण नुसती नजर वर केली तरी त्यांना ती चुगली वाटायची आणि परत उलथनं तापायचं.

"मी का बोलले न्हाई, ते इचारू नका साहेब," आई म्हणाली. "कुठं जानार हुते मी? आन तुमी तर त्यांच्या खाटंवर बसून चा पीत हुता."

पंचनाम्यात मोटारीच्या खोलीत एक स्टीलची वाटी मिळाली. दाराची फळी सरकवून सालगडी त्या वाटीतून मुलीला पाणी द्यायचा. त्याला ठाण्यात बोलावून खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "अरे बाबा, हे मला दोन दिवसांत का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "साहेब, तात्या तुमच्या ह्याच खुर्चीवर बसायचं. मी कुनाला सांगायचं?"

त्या संध्याकाळी मी तात्यांना अटक केली. समितीने मुलीला परत पाठवलं नाही. आईचा जबाब, डॉक्टरांचा दाखला आणि सालगड्याची साक्ष यांवर पुढे शिक्षा झाली. आरोपपत्र दाखल झालं आणि माझं काम संपलं. ताई मात्र त्यानंतर दोन वर्षं त्या मायलेकींबरोबर होत्या. मुलगी रात्री दचकून उठायची थांबेपर्यंत, आईला शिवणकाम मिळून तिचा पाठीचा बाक जाईपर्यंत. अशा कामाची बातमी कधी येत नाही, बक्षीस तर नाहीच.

या गुन्ह्याने मला शिकवलं ते सरळ आहे. मी कुणाच्या घरी काय खातो-पितो, कुणाला खुर्ची देतो, हे सगळं गावातलं सगळ्यात लहान माणूसही बघत असतं, आणि त्यावरून ठरवतं की या माणसाला खरं सांगायचं की नाही. त्यानंतर मी तपासाच्या घरी चहा घेतला नाही. ठाण्यातली ती खुर्ची तर दुसऱ्याच दिवशी हलवली.

बदली होण्याआधी श्रीरामपूरला मायलेकींच्या खोलीवर भेटायला गेलो. मुद्दाम तेच तपकिरी बूट घालून गेलो. का, ते मला विचारू नका. दाराशी काढले आणि आत बसलो. मुलगी अभ्यास करत होती. उंच झाली होती. आईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पड गं सायबांच्या पाया."

मुलीने वहीतून मान वर केली. पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली.

आई बिचारी कानकोंडी झाली. मी हसून म्हटलं, "राहू द्या, राहू द्या." मुलगी उठून दाराशी गेली. माझ्या बुटांकडे थोडा वेळ बघत उभी राहिली. मग परत येऊन वहीत डोकं घालून बसली.

निघताना मी दाराशी आलो. बूट जिथे काढले होते तिथेच होते.