हँडल कुणी बसवलं

गणपती उठून आठवडा झाला होता. साल १९८५. कळंबोलीला लोखंडाचा बाजार नुकताच बसू लागला होता, ट्रकांचे तळ पडले होते आणि त्यातल्याच एका तळाच्या कडेला गोटीराम मढवीची गाड्या दुरुस्तीची पत्र्याची शेड होती. गोटीराम मूळचा घणसोली गावचा. वय तिशीचं, अंगानं काटक, बोलणं मोजकं. ट्रकवाले त्याला मानायचे, पण हसताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी ट्रान्सपोर्टचा सुपरवायझर दिलीप जगदाळे एक जुनी मोटारसायकल घेऊन आला. हा साताऱ्याकडचा गडी. गाडी स्टँडवर लावत म्हणाला, "मिस्त्री, हिनं डोस्कं फिरवलंय बगा. पळती झकास. साठ-सत्तरला काय बी नाय. पर गॅस सोडला आन् गाडी पन्नासच्या खाली आली की हँडल अंगात आल्यागत थरथरतंय. दोघांना दाखवली. एकानं टायर बदलला, एकानं चाकाचे आरे आवळले. फरक शून्य."

गोटीराम नंबरपाटी बघत होता. रंग नवा होता, आकडे तेच होते. चार, एक, सात, दोन.

"कवा घेतली?" त्यानं विचारलं.

"चार वर्षं झाली. भंगारवाल्याकडनं. ॲक्सिडेंटची होती म्हणं. त्यानं पुढचे दोन दांडे बदलले, बाकी गाडी हाय तशी."

"हँडल कोनी खोललं होतं?"

"माझ्याकडं तरी नाय."

"गाडी ठेवून जा," गोटीराम म्हणाला.

दिलीप गेला. गोटीराम बाकड्यावर बसला आणि बराच वेळ नुसता त्या गाडीकडे बघत राहिला.

सात वर्षांपूर्वी तो पनवेलला दिनानाथशेठच्या गॅरेजात कामाला होता. दिनानाथ म्हणजे त्या भागातला नावाजलेला मेकॅनिक. पांढरा लेंगा-शर्ट, तोंडात कायम जर्दा. चाकं, ब्रेक, चेन ही कामं तो गड्यांकडून करून घ्यायचा, पण इंजिन आणि हँडल या दोन गोष्टींना दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. ४१७२ ही गाडी तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन असलेल्या मधुकर वैशंपायनची. वाशीच्या नव्या वसाहतीत राहणारं जोडपं. गाडी सगळी उघडून साफ करायला दिली होती. चाक गोटीरामनं बसवलं, हँडल शेठनं. तिसऱ्या दिवशी मधुकर आणि त्याची बायको वैजयंती गाडीवरून निघाले, तळोज्याच्या फाट्याला वळायला गाडी हळू केली आणि हँडल सुटल्यासारखं दोन्हीकडे आपटायला लागलं. गाडी समोरून येणाऱ्या टेम्पोखाली गेली. वैजयंती बाजूला फेकली गेली, ती वाचली. मधुकरचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मोडकी गाडी गॅरेजात आणली तेव्हा शेठ तिच्यापाशी तासभर एकटाच होता. माणसं जमली तेव्हा पुढच्या चाकाचा नट ढिला निघाला. गोटीराम सांगत राहिला की नट मी आवळला होता, दोनदा आवळला होता. शेठनं पायातली चप्पल काढली आणि पंचवीस-तीस माणसांसमोर त्याच्या तोंडावर हाणली. "या हरामखोरानं एका माणसाचा पाय घालवला," तो म्हणाला. मग मधुकरच्या भावानं मारलं, आणखी दोघांनी मारलं. पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवलं आणि अपघात म्हणून कागद मिटवले.

कागद मिटले, पण बोभाटा गावभर झाला. कोपरखैरण्याच्या गोजराशी त्याचं लग्न ठरलं होतं. तिच्या बापानं सुपारी परत पाठवली. आई बायजाबाई मिठागरावर जायची. बायका तिच्या पाठीमागे कुजबुजायच्या, म्हणून तिनं वाट बदलली, बांधावरून लांबचा फेरा घालून जाऊ लागली. ८२ साली ती गेली. शेवटच्या आजारात एकदा तिनं लेकाला विचारलं होतं, "गोट्या, खरा सांग. नट तूच इसरलास ना?" म्हणजे तिचीसुद्धा खात्री नव्हती. गोटीरामला चपलेपेक्षा ते जास्त लागलं होतं. चप्पल खाल्ली त्या दिवसापासूनच दिनानाथचं वाटोळं झालेलं बघितल्याशिवाय आपण मरायचं नाही, एवढं एक त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. पण हातात काही नव्हतं.

आता गाडीच दारात आली होती.

त्यानं घाई केली नाही. आधी चाक बघितलं. रिमजवळ तार धरून चाक फिरवलं, तारेला रिम कुठंच घासली नाही. चाक दोन्ही हातांनी आडवं हलवलं, बेअरिंग घट्ट होतं. मग इंजिनाखाली लाकडी ठोकळा घालून पुढचं चाक अधांतरी केलं, दांडे खालून धरले आणि मागं-पुढं ओढले. टक्. पुन्हा ओढले. टक्. त्यानं एक अंगठा हेडलाइटच्या खाली, जिथं हँडलचा दांडा चासीत शिरतो तिथं दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं ओढलं. धक्का अंगठ्याला लागला. वरचा नट आवळला तर टकटक जाई, पण हँडल मधोमध अडकायला लागे. सैल केला की पुन्हा टक्.

हँडलचा दांडा चासीच्या नळीत वर आणि खाली अशा दोन वाट्यांमध्ये छर्‍यांवर फिरतो. खालची वाटी तिच्या जागेत घट्ट ठोकून बसवलेली असावी लागते. गॅस दिलेला असतो तेव्हा गाडीचा भार मागं असतो आणि खालची वाटी ढिली असली तरी कळत नाही. गॅस सोडला की सगळा भार पुढं येतो, आणि मग ती वाटी जागच्या जागी नाचायला लागते. वाटी नाचली की हँडल नाचणारच.

गोटीरामनं हँडल उतरवलं. ग्रीस वाळून काळं खडबडीत झालं होतं, कैक वर्षांत तिथं कुणी हात घातला नव्हता. खालची वाटी त्यानं बोटानं हलवली तर ती हातोडी न लावता खाली आली. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची, मापाला लहान. आणि ती घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली. गोटीरामनं पट्टी रॉकेलमध्ये बुडवून पुसली. पिवळ्या पत्र्यावर हिरवी वेल उमटून आली. दिनानाथ ज्या डब्यातला जर्दा खायचा तो डबा पिवळा, हिरव्या वेलीचा. रिकामा झाला की शेठ तो कात्रीनं कापून पट्ट्या करून ठेवायचा. लहानसहान ढिल्या जागी घालायला बऱ्या पडतात म्हणायचा.

म्हणजे नवी वाटी घालायची तिथं शेठनं भंगारातली घातली होती, आणि ती पत्र्यावर बसवली होती.

दिलीप संध्याकाळी आला तेव्हा गोटीरामनं त्याला सगळं सांगितलं. "गाडी मना दसऱ्यापर्यंत दे. मंग वाट्या-छर्‍यांचा नवा कोनसेट घालून देतो, असा की तुजा नातू चालवील." दिलीप किल्ली बाकड्यावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी गोटीराम वाशीला गेला. दार वैजयंतीनं उघडलं. ती एका शाळेत शिकवत होती, केस लवकर पिकले होते. तिनं त्याला ओळखलं आणि तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"तुम्ही इथं कशाला आलात?"

"माफी मागायला आलो नाय, बाई. तुमची गाडी सापडलीय. नट ढिला नव्हता. दसऱ्याच्या सकाळी पनवेलला शेठच्या गॅरेजात या. कोनाचा हात होता ते डोल्यांनी बघा."

आतून मधुकरनं विचारलं, "कोण आहे?" त्याला कुबडी घेऊन दारापर्यंत यायला वेळ लागला. सगळं ऐकून तो म्हणाला, "आता कशाला उकरून काढायचं? पाय काही परत येणार नाही."

"तू नको येऊस," वैजयंती म्हणाली. "मी जाणार. सात वर्षं रोज मी एकाच माणसाला शिव्या घातल्यात. तो बरोबर माणूस होता की नाही, एवढं तरी मला कळू दे."

दसऱ्याला दिनानाथचं गॅरेज सजलेलं असे. हत्यारं पुसून पाटावर मांडलेली, दाराला तोरण, जुनी-नवी गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या घेऊन आलेली, पेढे फिरत असलेले. गोटीरामनं ती वाटी पुन्हा त्याच पट्टीवर, होती तशी बसवली होती आणि कळंबोलीहून पनवेलपर्यंत गाडी वीसच्या वर नेली नव्हती. तो आत शिरला तेव्हा वैजयंती आणि मधुकर दोघंही रिक्षातून उतरत होते. मधुकर शेवटी आलाच होता.

शेठ जाडावला होता, पण ताठ होता. त्यानं गोटीरामला पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "काय रे, आज इकडे कुठे वाट चुकलास?"

"गाडी दाखवायला आनलीय, शेठ. हलू करताना हँडल हलतं. मना काय सापडत नाय. तुमी उस्ताद. एक चक्कर मारून बघा. हायवेला साठावर न्या, गॅस सोडा आन् हात जरा सैल करा."

गिऱ्हाइकांपैकी कुणी तरी हसून म्हणालं, "मारा की शेठ, दसऱ्याची चक्कर." शेठनं किल्लीला हात घातला आणि त्याची नजर नंबरपाटीवर गेली. हात तसाच मागं आला.

"आज मी गाड्या हातात घेत नाही. सणाचा दिवस आहे."

"मगाशी त्या पाटलांची गाडी फिरवून आलात की," एक जण म्हणाला.

"हिची गोष्ट वेगळी."

"काय येगली?" गोटीरामनं विचारलं. "बसा ना. पंधरा मिंटांचा काम. तुमच्याच हातची गाडी हाय."

माणसं आता जवळ आली होती. शेठच्या कपाळावर घाम आला. "मूर्खा, मरायचंय का मला? पत्र्यावर बसवलेली वाटी घेऊन कोण साठानं जाईल?"

गोटीराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी वाटीचा नाव घेतला नाय. पत्र्याचा तर नायच नाय. हँडल अजून बंद हाय. तुमाला कसा कलला, शेठ?"

त्यानं पाटावरचाच पाना उचलला आणि तिथंच हँडल खोललं. दहा मिनिटं लागली, तोवर एकही माणूस हलला नाही. पट्टी बाहेर काढून त्यानं पाटावर, हळदकुंकू वाहिलेल्या हत्यारांच्या मधे ठेवली. तिच्याशेजारीच शेठचा जर्द्याचा डबा होता. पिवळा, हिरव्या वेलीचा. सगळ्यांनी दोन्हीकडे बघितलं.

"नवी वाटी त्या दिवशी मिळत नव्हती," शेठ पुटपुटला. "गिऱ्हाईक घाईत होतं. मला वाटलं, महिनाभर चालेल, मग बदलू."

"आन् नट?"

शेठनं मान फिरवली.

गोटीरामनं पायातली चप्पल काढली. सात वर्षं त्यानं हा क्षण मनात घोळवला होता. पण हात उचलण्याआधी तो म्हणाला, "पयले बोला. 'नट गोटीरामनं आवललेला होता. मंग मी तो ढिला केला.' बोला."

शेठ हलक्या आवाजात बोलला.

"मोठ्यानं. त्या बाईंना ऐकू गेलं पायजे."

दुसऱ्यांदा शेठ मोठ्यानं बोलला. गोटीरामनं त्याला तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, आईचं नाव घालून. 'बायजाबाईचा मुलगा निर्दोष होता.' शेठनं तेही म्हटलं. मग गोटीरामनं चप्पल मारली, एकदाच, आणि पायात घातली. कुणी मधे पडलं नाही.

वैजयंती पुढं आली. ती शेठकडे बघतच नव्हती. गोटीरामला म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी गाडी चालवून बघितली होती?"

"नाय. शेठ म्हनले, गरज नाय."

"म्हणजे गरज का नाही, हे तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत."

मधुकरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं रिक्षाकडे निघून गेले.

त्यानंतर दिनानाथकडे गिऱ्हाईक येईनासं झालं. पनवेल तेव्हा केवढंसं, दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. आधी कंपनीवाल्यांच्या गाड्या यायच्या बंद झाल्या, मग गडी सोडून गेले. गोटीराम दर रविवारी मुद्दाम त्या रस्त्यानं जायचा आणि दारासमोर किती गाड्या उभ्या आहेत ते बघायचा. आठ, चार, एक. त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याची त्याला लाज वाटत नव्हती. गोजराचा बाप एकदा कळंबोलीला येऊन गेला, चुकलं म्हणाला. गोटीरामनं त्याला पाणी दिलं आणि चाक खोलत राहिला. फक्त त्या बाईंचा प्रश्न मधूनमधून त्याला काम करताना थांबवायचा.

वर्ष-दीड वर्षानं शेठचा जुना गडी शिवराम निरोप घेऊन आला. गॅरेज मोडायचंय, हत्यारं चांगली आहेत, दुसऱ्या कुणाला देण्यापेक्षा तू घे, असं शेठ म्हणतोय. गोटीराम दुसऱ्या दिवशी गेला. शेठ आत खुर्चीत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. गोटीरामनं एकेक हत्यार हातात घेऊन बघितलं आणि परत ठेवलं. काहीच घेतलं नाही. समोरच्या टपरीवर जाऊन त्यानं चहा मागवला आणि भंगारवाल्यानं शेवटी लोखंड आवळून धरायचा शिकंजा टेम्पोत चढवेपर्यंत तिथंच बसून राहिला. मग टेम्पो हायवेला लागला, तसा तो उठला आणि कळंबोलीला आपल्या शेडकडे गेला. तिथं तीन ट्रक दुरुस्तीला उभे होते.